थेक्लाताई उभी का राहिली

मोरवाइलर
रविवार, ९ ऑक्टोबर १९५५

थेक्लाताई,

अक्षर पाहून पाकीट बाजूला ठेवू नकोस. हे अक्षर तूच वळवून घेतलेलं आहेस, आई गेली त्या हिवाळ्यात, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवून. माझ्या अक्षरांना पोट सुटतं म्हणायचीस. अजून सुटतं.

तेवीस वर्षांत आपण एकदाच समोरासमोर आलो, बाबांच्या दफनाला. तू "छत्री घे" म्हणालीस, मी घेतली नाही. त्याला काही बोलणं म्हणत नाहीत. तेव्हा हे पहिलंच धर.

गुरुवारच्या पेपरात तुझा फोटो आला. येत्या हिवाळ्यात स्टुटगार्टच्या विधानसभेत ठराव येणार, लग्न केलेल्या शिक्षिकेने नोकरी सोडलीच पाहिजे हा नियम काढून टाकायचा, आणि तो मांडणार आमदार थेक्ला लोखर. किलियानने चष्मा कपाळावर चढवून पेपर डोळ्यांजवळ नेला. "म्हातारी झाली तुझी बहीण," म्हणाला, "पण फोटोवाल्याकडे अजून तशीच बघते, त्याने गृहपाठ केला नसावा तशी."

माझ्या नवऱ्याची खुशाली म्हणशील तर किलियान बरा आहे. एकोणपन्नास साली रशियाच्या कैदेतून परत आला, डाव्या पायाची दोन बोटं तिकडेच राहिली. स्टेशनच्या सिग्नल केबिनमध्ये परत लागला.

तुझ्या बातम्या मी कापून ठेवते असं मात्र समजू नकोस. किलियान ठेवतो. कात्री माझी असते, एवढंच. परवा मी तो डबा काढून सगळं ओळीने लावलं. पहिली बातमी वीस सालची, मोरवाइलरची शिक्षिका राइशटागमध्ये, देशाच्या संसदेत, निवडून आली ती. त्या प्रचारात तू सायकलवरून एकवीस गावं फिरलीस, मी दुसऱ्या सायकलवर पत्रकांचा गठ्ठा घेऊन मागे. एका गावात गुत्त्यात सभा होती. एका शेतकऱ्याने उठून विचारलं, बाई, तुम्ही बर्लिनला गेल्यावर इथली पोरं कोण सांभाळणार? तू त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलंस आणि म्हणालीस, "तुम्ही. निवांत दिसताय." गुत्ता हसून हसून कोसळला. मी वीस वर्षांची होते. मलाही शिक्षिका व्हायचं हे त्या दिवशी पक्कं झालं.

मग सुइणींच्या पगाराचा कायदा, विधवांचं निवृत्तिवेतन, बाळंतिणींची रजा. बत्तीसच्या नोव्हेंबरात तू निवडणुकीत पडलीस. तेहतीसमध्ये त्या लोकांनी तुझी मुख्याध्यापिकेची जागा काढून घेतली. त्यानंतर चौदा वर्षं डब्यात काहीच नाही. तू उल्ममध्ये लोकरीच्या दुकानात होतीस आणि चव्वेचाळीसच्या ऑगस्टपासून पाच आठवडे तुरुंगात होतीस, हे मला दुसऱ्यांकडून कळलं. सत्तेचाळीसपासून पुन्हा बातम्या सुरू.

सगळं लावून झालं आणि मधला एक दिवस जुळेना. बत्तीसच्या मेमधला. म्हणून लिहितेय. त्या दिवशी तू उभी का राहिलीस?

चिडून विचारत नाही. चिडायचं होतं ते चिडून झालं. मला कळत नाही म्हणून विचारते. त्या उन्हाळ्यानंतर मी हातात खडू धरलेला नाही, तेव्हा एवढं विचारायचा हक्क मला आहे असं मी समजते.

ओटिली


मोरवाइलर
रविवार, २३ ऑक्टोबर १९५५

ताई,

तुझ्या कार्यालयाचं उत्तर मिळालं. आपल्या शुभेच्छांबद्दल आमदारबाई आभारी आहेत, सोबत स्वाक्षरीचा फोटो जोडला आहे. किलियानने तो दुधाच्या भांड्याला टेकवून उभा केला. "आता जेवताना सरळ बसावं लागणार," म्हणाला. मग माझ्याकडे बघून त्याने तो उचलून आत ठेवला.

तुझ्या चिटणीसबाईला दोष देत नाही. ओटिली आइझेले म्हणजे कोण, तिला काय माहीत? हे पाकीट मी तुझ्या घरच्या पत्त्यावर पाठवतेय.

तू कदाचित तो दिवस विसरली असशील. मी आठवण करून देते.

एकोणतीस साली लग्न झालेल्या बायकांना काढायचा जुना हुकूम संपला आणि आम्हांला जरा मोकळीक मिळाली. तीसच्या सप्टेंबरात मी शनिवारी लग्न केलं आणि सोमवारी शाळेत गेले. गावात कुजबुज झालीच. एका घरात दोन सरकारी पगार आणि इकडे सुताराची तिन्ही मुलं बेकार. पण कोणी तोंडावर बोललं नाही. मग दीड वर्षाने तो कायदा बर्लिनमध्ये आला, नवऱ्याचं बरं चाललेलं असेल तर सरकारी नोकरीतल्या बाईला काढता येईल असा. तू लिहिलंस, ये, बघ आम्ही काय करतो ते. मी आयुष्यात पहिल्यांदा उल्मच्या पलीकडे गेले.

आदल्या संध्याकाळी तुझ्या भाड्याच्या खोलीत आपण कागदावरच सॉसेज कापून खाल्लं. मी वेणीचा पाव नेला होता, तो तू अर्धा एकटीने संपवलास. संसार कसा चाललाय विचारलंस. मी सांगितलं, गुरुवारी मी त्रेपन्न वह्या तपासते म्हणून त्या दिवशी किलियान रांधतो. स्पेट्सलंच्या शेवयांचं पीठ पाटावरून उकळत्या पाण्यात खरवडून टाकायला जातो आणि निम्मं जमिनीवर पडतं. मांजर गुरुवारची वाट बघतं. तू डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलीस. मग दिवा मालवायच्या आधी म्हणालीस, "उद्या मी बसून राहणार, टिली. पक्षाला काय करायचं ते करू दे."

हे शब्द मी रचलेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी वर गॅलरीत पहिल्या रांगेत होते. अध्यक्ष म्हणाले, बाजूने असतील त्यांनी उभं राहावं. खुर्च्यांचा केवढा आवाज झाला. तुझ्या आजूबाजूचे सगळे पुरुष उठले आणि त्यांच्या पाठींच्या मधे तू बसलेली मला दिसलीस. मला एवढा आनंद झाला की मी मनात आकडे मोजायला लागले. एक, दोन, तीन. तू वर बघितलंस. मी तुला दिसले. मी हात जरासा वर केला.

आणि तू उभी राहिलीस.

आधी उठली असतीस तर मी समजले असते. वर बघितलंस आणि मग उठलीस. त्या मधल्या वेळात काय झालं?

मी तुला न भेटता दुपारची गाडी धरली. जूनच्या अखेरीला शाळाखात्याचं पत्र आलं.

टिली


मोरवाइलर
रविवार, ६ नोव्हेंबर १९५५

ताई,

या वेळी तुझं अक्षर आलं. हात थरथरतो का ग? 'ल'च्या काठ्या वाकड्या पडल्यात.

तू लिहितेस की पक्षाने ठरवलं होतं. साठ लाख लोक बेकार होते, एका घरातले दोन पगार कोणाला बघवत नव्हते, आणि तू अनेकांतलं एक मत होतीस. असेल. पण हे सगळं आदल्या संध्याकाळीही खरंच होतं ना? तेव्हा तर तू बसून राहणार होतीस. हे उत्तर मी वर्गात घेतलं नसतं. खाली बस आणि नीट आठव म्हणाले असते.

आणि तळाशी तू एक ओळ टाकलीस. "टिली, युद्धात मोरवाइलरची शाळा कोण चालवत होतं?"

ती वाचून मी पत्र उलटं ठेवलं आणि सफरचंदं सोलायला गेले. किलियान म्हणाला, "तिलाही कुतूहल आहे. घरातच आहे तुमच्या."

मी चालवत होते. चाळीसच्या सप्टेंबरपासून पंचेचाळीसच्या एप्रिलपर्यंत. खडू धरलेला नाही असं मी तुला लिहिलं ते खोटं होतं.

पुरुष सगळे आघाडीवर गेले. एका सकाळी शाळा-तपासनीस सायकलवरून आला आणि म्हणाला, आइझेलेबाई, आता लग्न झालेल्याही चालतील. मी संध्याकाळपर्यंत विचार करते म्हणाले. पण हे बोलताना मी एप्रनची गाठ सोडत होते, ते त्याने पाहिलं. आठ वर्षं मी घरात बसून काढली होती, ताई. तपासनिसाच्या कोटावर कसला बिल्ला आहे ते मी बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. शपथ घेतली. भिंतीवर तो फोटो होता, रोज सकाळी मुलांसमोर हात वर करून सलाम करायचा होता, तो केला. पहिल्या आठवड्यात लाज वाटली. नंतर सवय झाली. आणि मी सुखात होते, हेही लिहून टाकते. शाळेच्या वासात मी सुखात होते.

तुला एवढंच विचारायचं होतं का? की तुला आणखी माहीत आहे?

बहुतेक नसेल. कोणालाच नाही. गणिताचं नवं पुस्तक आलं होतं. त्यात एक उदाहरण होतं, वेड्यांच्या इस्पितळातल्या एका रोग्यावर सरकारचा रोज इतका खर्च होतो, तर तेवढ्यात किती निरोगी कुटुंबांना घरं मिळतील? मी ते वर्गात लिहून घातलं. दुसऱ्या रांगेत सेन्झी बसायची, गाडीवानाची मुलगी, दहा वर्षांची. तिचा भाऊ आलोइस जन्मापासून मंद होता, त्याला आश्रमात ठेवलेला होता. त्याच शरदात आश्रमाच्या दारात खिडक्या रंगवलेल्या करड्या बस आल्या आणि मुलांना घेऊन गेल्या. तीन आठवड्यांनी गाडीवानाला पत्र आलं की न्यूमोनियाने वारला. न्यूमोनिया कोणीच खरा मानला नाही. मी पण नाही.

उदाहरण मी त्यानंतर घातलं. आधी नाही, नंतर. पुस्तकात पुढचं पान तेच होतं म्हणून.

सेन्झीचं उत्तर बरोबर आलं. मी तिच्या वहीत बरोबरची खूण केली.

पंचेचाळीसमध्ये फ्रेंच आले, शाळा बंद झाली. उघडली तेव्हा पुरुष परत येऊ लागले होते आणि मी पुन्हा विवाहित बाई झाले.

आता तू माझ्या प्रश्नाचं उत्तर दे.

टिली


मोरवाइलर
रविवार, २७ नोव्हेंबर १९५५

ताई,

पेपर तुझ्याकडे पोचला असेलच. "आमदार लोखर यांनी सख्ख्या बहिणीची नोकरी घालवली." माझा फोटो पण आहे, कुंपणाशी उभी, हातात कोबी. कोबी त्याच्या सांगण्यावरून धरला.

तुला वाटेल की माझ्या पत्रांना उत्तर मिळेना म्हणून मी पेपरकडे गेले. तसं नाही, आणि जे आहे ते जास्त वाईट आहे. तो बातमीदार श्टाइडेल सप्टेंबरातच येऊन गेला होता, माझ्या पहिल्या पत्राच्या आधी. पन्नाशीचा, लंगडा, फार सभ्य. ठराव येणार हे मला त्याच्याकडूनच कळलं. तुझ्या जुन्या मतदानाची नोंद त्याला बर्लिनच्या कागदांत सापडली होती आणि कोणाकोणाच्या नोकऱ्या गेल्या ते तो शोधत होता. मी त्याला आलुबुखाराचा केक वाढला. तेवीस वर्षांत मला याबद्दल विचारणारा तो पहिला माणूस. मी बोलत सुटले. गॅलरी, खुर्च्या, सगळं. शेवटी म्हणाले, त्या दिवसापासून मी हातात खडू धरलेला नाही. वाक्य मला आवडलं, त्यालाही आवडलं. तुला लिहितानाही तेच उतरलं.

आता ते जाड अक्षरात छापलंय.

बेकरीत बायका माझ्याशी आदराने बोलतात. माझ्या आधीचं गिऱ्हाईक मला पुढे सोडतं. सेन्झी तिथेच काउंटरवर असते, बेकरीवाल्याच्या मुलाशीच तिचं लग्न झालंय. तिने पाव बांधून दिला आणि पेपरकडे एकदा बघितलं. तिला मी शिकवलंय, ताई. तिला माहीत आहे की मी खडू धरला होता.

आणि तू? माझं सहा तारखेचं पत्र तुझ्या हातात होतं. श्टाइडेलला ते नुसतं दाखवलं असतंस तर माझी बातमी तिथल्या तिथे आडवी झाली असती. तुझ्या पक्षातले लोक तुझ्यावर कसे तुटून पडलेत ते वाचलं. त्यातल्या अर्ध्यांना ठराव नकोच आहे, त्यांना आयतं मिळालं. आणि तू पेपरला एकच ओळ दिलीस. "माझ्या बहिणीने मतदानाबद्दल सांगितलं ते खरं आहे."

तू मला का वाचवलंस, हा आता दुसरा प्रश्न झाला. किलियानला विचारलं. तो बूट घालत होता. "तू एक कर," म्हणाला, "आणखी प्रश्न पाठवू नकोस. तिची पाटी भरली असेल." आणि गाडीच्या वेळेला निघून गेला. त्याच्या रागात आवाज नसतो हे तुला माहीत नाही. तुला तो माहीतच नाही म्हणा.

क्षमा मागायला हे पत्र सुरू केलं होतं. ती राहिली. ती इथे समज.

टिली


मोरवाइलर
रविवार, २९ जानेवारी १९५६

ताई,

तू मला सभागृहात यायला बोलावलंस, पास पाठवलास. मी आले नाही. एकदा गॅलरीत बसले तेवढं पुरे झालं. पण रेडिओवर संध्याकाळी तुझा आवाज लावला होता आणि कार्यवाहीची छापील वही काल टपालाने मिळाली. आम्ही दोघांनी मिळून वाचली, किलियानने तुझ्या विरोधकांचं वाचलं आणि मी तुझं.

त्या बिबेराखच्या सदस्याने माझ्या फोटोचं कात्रण उंचावून विचारलं, ज्या बाईंनी बत्तीसमध्ये हा नियम आणला त्यांनी आज तो मोडायला यावं, हे कसं? तू म्हणालीस, "कारण तो कसा आणला हे या सभागृहात मलाच सगळ्यांत चांगलं माहीत आहे. पक्षाने सांगितलं होतं असं मी वीस वर्षं म्हणत आले. पक्षाने सगळ्यांनाच सांगितलं होतं. पण मला हाताला धरून कोणी उठवलं नव्हतं. मी उभी राहिले." वहीत पुढे कंसात लिहिलंय, अस्वस्थता. मग तू आकडे दिलेस, गेल्या दहा वर्षांत लग्नामुळे गेलेल्या शिक्षिकांचे आणि गुरुजींविना पडलेल्या वर्गांचे. ठराव नऊ मतांनी पास झाला.

इकडे आमच्या घरात किलियान म्हणाला, "बाई शूर आहे." मी हो म्हणाले. मग त्याला तुझं पत्र वाचायला दिलं. चर्चेच्या आदल्या दिवशी तू लिहिलेलं, जे विधानसभेत बोलली नाहीस ते.

मी ते आतापर्यंत पाच वेळा वाचलं. अकरा साली तुलाही कोणीतरी लग्नाचं विचारलं होतं. तो मोजणी खात्यात होता, दोन उन्हाळे आपल्याकडच्या दलदलीची मोजणी करत होता. तू शाळाखात्याला विचारलंस आणि शाळाखात्याने छापील नियम पाठवला. तू शाळा ठेवलीस. घरी मी होते, अकरा वर्षांची, आई नुकतीच गेलेली, आणि तुझ्या पगारावर माझं शिक्षण व्हायचं होतं. तू त्याला नाही म्हटलंस आणि आम्हां कोणाला त्याचा पत्ता लागू दिला नाहीस.

आणि मग एकवीस वर्षांनी मी तुझ्या खोलीत पलंगावर मांडी घालून बसते आणि तुला गुरुवारची गोष्ट सांगते.

तू लिहितेस, तू खरंच हसलीस. रात्रभर तुला झोप लागली नाही. सकाळीही बसून राहायचंच ठरवलं होतंस. पण वर बघितलंस तर मी हात हलवत होते, नवी टोपी घालून, आणि मला काही सोडावंच लागलेलं नाही असं तुला दिसलं. "मला वाटलं, हिने का म्हणून दोन्ही ठेवावं. एवढंच वाटलं. ते वाटायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात मी उभी होते. मग बसता येईना."

ताई, मी तेवीस वर्षं काय काय कारणं शोधली. पक्षाने धमकावलं असेल, कोणी मंत्रिपदाचं आमिष दाखवलं असेल. एकदा तर वाटलं, तुझा पाय आखडला असेल. हे कधी मनात आलं नाही. कारण मला तू कधी माझ्यासारखी वाटलीच नाहीस.

मी चिडले नाही असं लिहिलं तर ते आणखी एक खोटं होईल. मंगळवारी दिवसभर चिडले होते. तुझा स्वाक्षरीचा फोटो फाडायला घेतला, पुठ्ठा जाड निघाला. बुधवारी मी टेबलाशी बसले आणि श्टाइडेलला पत्र लिहिलं, छापण्यासाठी. मी युद्धात साडेचार वर्षं शाळेत होते, मी खोटं सांगितलं, आणि ते गणिताचं उदाहरण मी लिहून घातलं. आलोइसचं नाव लिहिलं नाही, पण मोरवाइलरमध्ये नाव लिहायची गरज नाही.

टाकण्याआधी किलियानला दाखवलं. तो म्हणाला, "आता नियम निघाला. तू अर्ज केलास तर कदाचित घेतील तुला. हे छापून आलं तर नाही घेणार." मी म्हणाले, माहीत आहे. तो म्हणाला, "माहीत आहे ना, मग झालं," आणि स्टेशनला जाताना पेटीत टाकतो म्हणून खिशात घातलं.

काल छापून आलं. आज चर्चमध्ये माझ्या बाकावर कोणी बसलं नाही. बेकरीत मी गेलेच नाही.

टिली


मोरवाइलर
रविवार, २२ एप्रिल १९५६

ताई,

मध्ये लिहिलं नाही कारण लिहिण्यासारखं काय होईल ते कळत नव्हतं.

अर्ज केला. मागील सेवा या रकान्यात दोन्ही काळ लिहिले, एकवीस ते बत्तीस आणि चाळीस ते पंचेचाळीस. शाळाखात्याने बोलावून घेतलं. समोर तिघे होते. त्यातल्या एकाने पेपरातलं माझं पत्र पुढे ठेवलं आणि विचारलं, हे तुम्ही का लिहिलंत, तुम्हांला कोणी विचारलं नव्हतं. मी म्हणाले, विचारलं होतं, माझ्या बहिणीने. ते एकमेकांकडे बघू लागले. दुसऱ्याने डोकं वर न करता म्हटलं, तेव्हा जे शिकवत होते त्यातले निम्मे आज मुख्याध्यापक आहेत, एकानेही असं पत्र लिहिलेलं नाही. ही माझी बाजू होती की माझ्याविरुद्ध, मला अजून कळलेलं नाही. तू त्यांच्याशी बोलली नाहीस ना? बोलली असशील तर सांगू नकोस.

मला पहिलीचा वर्ग मिळाला. मोरवाइलरमध्येच, एका वर्षापुरता, बदली शिक्षिका म्हणून. सेहेचाळीस मुलं.

यादी ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यात आली. त्यात सतरावं नाव सेन्झीच्या मुलीचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सेन्झी दारात उभी. बेकरीचा एप्रन तसाच, हाताला पीठ. मी आत ये म्हणाले, ती आली नाही. शाळा सोडल्यापासून माझ्याशी ती "नमस्कार" आणि "अजून काही?" यापलीकडे बोललेली नव्हती. ती म्हणाली, "तो छापील कागद मी बाबांना वाचून दाखवला. त्यांना आता नीट ऐकू येत नाही, दोनदा वाचावा लागला."

मी विचारलं, ते काय म्हणाले?

"म्हणाले, बाईंना माहीत होतं तर."

मी हो म्हणाले. ताई, मला वाटलं होतं, अशा वेळी आपल्याला पुष्कळ बोलता येईल. हो एवढंच आलं.

ती बराच वेळ एप्रनला हात पुसत होती. "मला ते उत्तर अजून पाठ आहे," म्हणाली. "आकडा. रात्री नाही, दिवसाच आठवतो, सुटे पैसे देताना." मग म्हणाली, "मुलीला दुसऱ्या गावच्या शाळेत घालायचं तर बस धरावी लागते. नवरा म्हणतो घालू. मी म्हणाले, नाही. बाईंना समोर बसलेली दिसू दे."

आणि जाताना वळून, "गणिताची वही मी रोज बघणार."

मी म्हणाले, बघ.

सोमवारी शाळा भरली. सेहेचाळीस पोरं, सेहेचाळीस खाऊचे पुडे, तिघं रडणारी. सतरावी दुसऱ्या रांगेत न बसता पहिलीत बसली, कारण तिला फळा लांबून दिसत नाही. तिच्या आईच्या लक्षात आलेलं नव्हतं, ते मी चिठ्ठी लिहून कळवलं. चष्मा लागणार. शुक्रवारी आम्ही पाचापर्यंत मोजायला शिकलो. मी उदाहरणं घरून तयार करून नेते, पुस्तकातली घालण्याआधी दोनदा वाचते. वही रोज परत येते, तळाशी सेन्झीची सही, बाकी काही नाही.

मी सुखात आहे का म्हणून विचारशील. तेव्हा होते तशी नाही. दमते. पाय सुजतात. किलियान म्हणतो, सेहेचाळीस मुलांना सांभाळतेस आणि मला विचारतेस माझे मोजे कुठे आहेत.

बत्तीस सालाबद्दल मला आता काही विचारायचं नाही. मी तुला माफ केलं का, तू मला केलंस का, हे बघत बसायला आपण दोघी तशा म्हाताऱ्या आहोत, आणि मला त्याचं उत्तर रोज वेगळं येतं.

पण रोज शाळेत जाताना दलदलीच्या कडेने जावं लागतं, आणि तिथे मोजणीचे जुने दगड आहेत, गवतात बुडालेले. इतकी वर्षं मी त्यांच्यावरून चालत गेले. गुरुवारी मी एकाजवळ वाकून शेवाळ खरवडलं. आकडा दिसला, साल दिसलं, एकोणीसशे अकरा. दगडावर नाव कोरत नाहीत.

तू पत्रात सगळं लिहिलंस आणि त्याचं नाव लिहिलं नाहीस. तो उंच होता का? बोलायचा कसा, आपल्याकडचा होता की बाहेरचा? तू नाही म्हणालीस तेव्हा तो काय म्हणाला? पुढे त्याचं काय झालं हे तुला कळलं का, की तूही वर्षानुवर्षं कुठल्या डब्यात कात्रणं ठेवतेस?

हे पत्रातून कळवू नकोस. शनिवारी माझी शाळा बाराला सुटते. सरकारी मोटार आणू नकोस, गावाला चार दिवस विषय होईल. सव्वाबाराला इथे पोचणारी गाडी धर. किलियान सिग्नल पाडेल तेव्हा खिडकीतून हात कर, त्याला तू कशी दिसतेस ते एकदा जवळून बघायचंय. तिथून दलदलीपर्यंत वीस मिनिटं चालत. तुझे गुडघे बरे असतील तर आपण त्या दगडांपर्यंत जाऊ आणि तू मला त्याचं नाव सांग.

टिली